खंजिरीच्या कानांसाठी तीन अल्बम

(दृश्य: मंदिराचा सभामंडप, सायंप्रार्थना आटोपलेली. निखाऱ्यांवर फिरणारी खंजिरी.)

पावसाळी हवेत खंजिरीचं कातडं सैल पडतं, थाप भदभद वाजते. म्हणून भजनाआधी ती निखाऱ्यांपासून वीतभर वर धरून, फिरवत फिरवत शेकायची. एकाच जागी धरली की कातडं करपतं, नाहीतर कड्यापासून सुटतं.

मोझरीच्या तुकडोजी महाराजांची ही खंजिरी विदर्भात गावोगावी वाजते. तिच्यावर ज्यांचा कान घडला, त्यांनी ‘शक्ती’ या वाद्यवृंदाचा ‘धिस मोमेंट’ ऐकायलाच हवा. २०२३चा हा अल्बम, २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार, झाकीर हुसेन यांचा तबला, शंकर महादेवन यांचा गळा, गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन आणि व्ही. सेल्वगणेश यांचा खंजिरा.

(दृश्य: खंजिरा, अगदी जवळून.)

हा दक्षिणेचा खंजिरा. फणसाच्या लाकडाचं कडं, त्यात एकच खाच, खाचेत तीन-चार चकत्या. कातडं पूर्वी घोरपडीचं असे. आता कायद्यानं तिला संरक्षण आहे, म्हणून बकरीचं किंवा कृत्रिम. आपण कातडं शेकून सूर चढवतो, तिकडे आतून पाण्याचा हात फिरवून तो उतरवतात. पाणी जास्त झालं तर आवाज बसतो. धरलेल्या डाव्या हाताची बोटं कातडं दाबतात, त्यानं घुमारा वरखाली होतो. एवढ्याशा कड्यातून असा खर्ज निघतो की तो तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याचाच वाटावा. थापेसोबत चकत्यांची किणकिण आली, तर खंजिरा समजा.

पण मंदिराच्या भोंग्यावर हे लावू नका. भोंग्यातून शब्द लांब जातात, खर्ज जात नाही. नुसती किणकिण उरते. मोबाईलच्या स्पीकरचंही तेच. लाकडी खोक्याचा मोठा स्पीकर किंवा वायरचा चांगला हेडफोन घ्या. सुरुवात ‘गिरिराज सुधा’पासून करा, भक्तीचंच गाणं आहे, कान लगेच जुळतो.

मग २०२३चाच ‘ॲज वी स्पीक’. झाकीरभाईंसोबत बेला फ्लेकचा बँजो, राकेश चौरसियांची बासरी आणि एडगर मेयरचा डबल बेस, म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य. इथं खर्जात डग्गा आणि डबल बेस दोघंही असतात. ते वेगळे ऐकू येईस्तोवर तोच तुकडा परत लावा.

(दृश्य: टाळ धरलेले हात.)

तिसरा जुना, १९५९चा: जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’. त्यातलं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं. आठ मात्रांच्या केरव्याच्या सवयीचा हात इथं हमखास घसरतो. झपताल येणाराही फसतो, कारण झपतालाची चाल दोन-तीन, दोन-तीन, ही तीन-दोन. पियानो तेच आवर्तन धरून ठेवतो, त्यालाच चिकटा. टाळ पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. ते जमलं की त्याच अल्बममधलं ‘ब्लू राँडो’: दोन, दोन, दोन आणि तीन, अशा नऊ मात्रा; दर चौथ्या आवर्तनात मात्र तीन, तीन, तीन. मधेच ओळखीचा चार मात्रांचा ठेका येतो. तेव्हा टाळ थांबवा, आणि नऊ परत आल्या की पहिल्या दोनावर पुन्हा धरा.