चार टँक, तीन पाणी

हे आमचं बेसमेंट. न्यू जर्सी, जानेवारी महिना, बाहेर बर्फ पडलाय, आणि खाली जमिनीवर ही निळी टेप चिकटवलेली दिसतेय ना, चार चौकोन, तिथे माझे कोरलचे, म्हणजे प्रवाळाचे, टँक येणारेत. गेले तीन आठवडे ऑफिसचं काम आटपलं की मी रोज खाली येतो, या चौकोनांमधून चालून बघतो, हातात रिकामी बादली घेऊन वाकून बघतो की मागच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचतोय का, कारण एकदा भरला की टँक हलवता येत नाही. मोठा आहे १२० गॅलनचा, चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, त्यात नुसतं पाणीच साडेचारशे किलोच्या वर जातं, दगड आणि काच वेगळी. म्हणूनच बेसमेंट, इथे खाली थेट काँक्रीट आहे.

रीफ टँक, म्हणजे कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक, म्हटलं की सगळे आधी लाईटचं विचारतात, कोरल कुठलं घेणार ते विचारतात. मी म्हणतो थांबा, आधी ठरवा कुठल्या टँकचं पाणी कुठल्या टँकला मिळणार. चार टँक असले तरी माझ्याकडे पाणी तीनच असणार आहेत. मोठा टँक आणि त्याच्या शेजारचा हा उथळ, फक्त फूटभर उंचीचा फ्रॅग टँक, म्हणजे कोरलचे छोटे तुकडे वाढवायचा, हे दोन एकाच संपवर, म्हणजे खाली ठेवलेल्या एकाच टाकीवर. सॉफ्ट कोरलचा टँक वेगळा. आणि त्या टोकाला, जिन्याखाली, क्वारंटाइन टँक, त्याची बादली वेगळी, जाळी वेगळी, टॉवेलसुद्धा वेगळा.

का, ते सांगतो. आधीच्या अपार्टमेंटमध्ये मी तिन्ही टँक एकाच पाण्यावर ठेवले होते, सोपं पडतं, एक हीटर, एक स्किमर, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडून पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र. मग एका माशाबरोबर इक नावाचा परजीवी आला, अंगावर मिठाचे दाणे दिसावेत तसे पांढरे ठिपके, आणि दोन दिवसांत तिन्ही टँकमधल्या माशांवर तेच. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण तांबं कोरलला विष आहे, म्हणजे औषध घालायला जागाच नाही. उरलेले मासे बाहेर काढले आणि अडीच महिने तिन्ही टँक माशांशिवाय ठेवले, कारण माशाचं अंग मिळालं नाही की तो परजीवी मरतो. म्हणून इथे प्रत्येक नवीन जीव आधी जिन्याखाली जाणार, मग तो मासा असो नाहीतर कोरलचा नखाएवढा तुकडा.

सॉफ्ट कोरल वेगळं ठेवायचं कारण जरा निराळं आहे. लेदर हे सॉफ्ट कोरल दिसायला शांत, पण ते पाण्यात रसायनं सोडतं आणि शेजारच्या ॲक्रोपोरा या कठीण कोरलची वाढ खुंटते. कोरल जागेवरून हलत नाही म्हणून भांडत नाही असं नाही, टॉर्च आणि हॅमर कोरल तर रात्री लांब दंश करणारे धागे बाहेर काढतात, त्यामुळे त्यांच्या भोवती वीतभर जागा मोकळी ठेवावीच लागते, प्लॅनमध्ये ती मी आत्ताच लाल पेनाने दाखवलीय.

आता हा पाइप बघा. पंप चालू असताना पाणी वरच्या टँकमधून ओव्हरफ्लोने खाली संपमध्ये पडतं आणि पंप ते परत वर ढकलतो. लाईट गेली की पंप बंद, मग रिटर्नचं, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या पाइपचं, तोंड जितकं पाण्याखाली असेल तितकं पाणी सायफनने खाली येतं. मोठ्या टँकचा एक इंच म्हणजे १९ लिटर, फ्रॅग टँकचा एक इंच १४ लिटर. तोंड तीन इंच खाली ठेवलं तर जवळजवळ शंभर लिटर पाणी संपमध्ये उतरणार, तेवढी जागा तिथे रिकामी हवी. अपार्टमेंटमध्ये मी पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर विसंबलो होतो आणि एका रात्री त्यात एक गोगलगाय अडकली, सकाळी कार्पेट खाऱ्या पाण्यात आणि खालच्यांच्या छताला डाग. या वेळी व्हॉल्व्ह नाही, तोंड एक इंचावर, आणि सगळं बसवलं की दहा वेळा मुद्दाम स्विच बंद करून बघणार.

वीज इथेही जाते. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीत कितीतरी घरं दिवसेंदिवस अंधारात होती. उजेडाशिवाय कोरल काही दिवस काढतं, पण पाणी हललं नाही की ऑक्सिजन संपतो, म्हणून बॅटरी पहिली पाणी हलवणाऱ्या पंपाला.

हिवाळ्यात अजून एक गोष्ट होते. खिडक्या बंद, घरात माणसं, हवेत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टँकचा पीएच ७.८ पर्यंत खाली येतो, खिडकी उघडली की चढतो. जानेवारीत खिडकी कोण उघडणार, म्हणून स्किमरची हवेची नळी भिंतीतून बाहेर काढतोय. आणि रोज जे पाणी वाफ होऊन उडतं त्याने भिंतींना बुरशी धरते, तिथे तो एक्झॉस्ट फॅन.

भारतातल्या मित्रांना एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. तिकडे कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाला जे संरक्षण तेच त्याला. मालवणच्या किनाऱ्यावरून मेलेला तुकडासुद्धा खिशात टाकू नका. मी इथे घेतो ते फ्रॅग, म्हणजे टँकमध्येच वाढवलेल्या कोरलचे तुकडे, सुपरग्लूने छोट्या प्लगवर चिकटवलेले.

टेप निघाली, काच आली, दगड रचून झाले. नळाच्या पाण्यात क्लोरिन आणि इतर बरंच काही असतं म्हणून आरओडीआय, म्हणजे ते सगळं गाळून काढणारा फिल्टर, तो दिवसाला ७५ गॅलन देतो, मोठा टँक, फ्रॅग टँक आणि संप मिळून २०५ गॅलन, म्हणजे तीन दिवस नळी टपटपत होती. मग मीठ, लिटरला ३५ ग्रॅम, सगळं मिळून सत्तावीस किलो. ते या पंपाने रात्रभर घुसळलं.

आई सध्या सहा महिन्यांसाठी मालवणहून आलीय. ती जिन्याचा कठडा धरत खाली आली, आधी विचारलं, "ह्या पाण्यात मीठ खंयचा घालतंस?" मग टँकच्या काठावर हात टेकून बोट बुडवलं, जिभेला लावलं. म्हणाली, "जरा कमी आसा."

मी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, दोन थेंब टाकले, उजेडाकडे धरून बघितलं. रेघ ३३ वर होती.

दीड किलो मीठ अजून पडलं. आता दगडांवर अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे, आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतील. पहिला फ्रॅग मार्चमध्ये, आणि तोसुद्धा आधी जिन्याखालीच जाईल.