भरल्या कोठारात उपाशी

एका आनुवंशिक आजारातला हा यकृताचा तुकडा नुसत्या डोळ्यांनीही वेगळा कळतो. निरोगी यकृत लालसर तपकिरी असतं, हे पिवळं-नारिंगी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या) प्रकाशात पाहिलं की पेशींच्या आत बारीक स्फटिक लखलखतात. ते आहे साठलेलं कोलेस्टेरॉल.

पेशीत लायसोसोम नावाच्या इवल्या पिशव्या असतात. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव यांनी १९५५ मध्ये त्यांना हे नाव दिलं. आत आम्ल, आणि त्या आम्लातच काम करणारं एक विकर (एन्झाइम): लायसोसोमल ॲसिड लायपेज. रक्तातून आलेला मेद ते तोडतं आणि कोलेस्टेरॉल मोकळं करून पेशीच्या हवाली करतं.

हे विकर बनवणाऱ्या लिपा या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, की हे काम अडतं. हाच तो आजार: लायसोसोमल ॲसिड लायपेजची कमतरता. पुढचं सगळं विचित्र आहे. पिशव्या मेदाने तट्ट फुगतात, पण त्यातलं काहीच बाहेर येत नाही. पेशीला वाटतं, आपल्याकडे कोलेस्टेरॉलच नाही! मग ती स्वतः ते बनवत सुटते, वर रक्तातूनही ओढून घेते. ओढलेलं पुन्हा त्याच पिशव्यांत अडकतं.

विकर जवळजवळ नसेलच, तर तो वोल्मन रोग. तान्ह्या बाळाला उलट्या, जुलाब. पोट फुगतं, वजन मात्र वाढत नाही. एक्स-रेत मूत्रपिंडांच्या वरच्या अधिवृक्क ग्रंथी चुना साठून पांढऱ्या दिसतात. उपचाराविना असं बाळ सहसा वर्षाचं होत नाही.

थोडं विकर उरलं असेल, तर आजार वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल चढलेलं; एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ उतरलेलं; यकृत सुजलेलं. फाइलवर ‘फॅटी लिव्हर’ असं लिहिलं जातं आणि सडपातळ मुलालाही तेल-तूप कमी करायला सांगतात. खरं तर कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून या विकराची तपासणी होते. पण आधी कुणाला तरी शंका यायला हवी ना!

२०१५ मध्ये अमेरिका आणि युरोपात सेबेलिपेज अल्फा या औषधाला मंजुरी मिळाली. हे विकर चक्क अंड्यातून येतं: जनुकबदल केलेल्या कोंबड्या ते अंड्याच्या पांढऱ्यात तयार करतात. शिरेतून दिलं, की ते थेट लायसोसोमपर्यंत पोचतं. जनुक मात्र होतं तसंच राहतं, त्यामुळे दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा सुई. तान्ह्या बाळांवरच्या एका चाचणीत ९ पैकी ६ बाळांनी पहिला वाढदिवस पाहिला.