निळा शर्ट, लाल टाय आणि सदतीस मतं

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या आमदाराबद्दल बोलायचं आहे, त्यांचं नाव अ‍ॅलन स्पिअर. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सिनेटवर, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर, ते १९७२ साली निवडून आले आणि २००० सालापर्यंत तिथे राहिले. अठ्ठावीस वर्षं. त्यातली पहिली दोन वर्षं सोडली तर उरलेला सगळा काळ मतदारांना, विरोधकांना, वर्तमानपत्रांना, सगळ्यांना माहीत होतं की हा माणूस समलिंगी आहे. त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि सांगितल्यावरही लोक त्यांना निवडून देत राहिले. सांगितल्यावरही, बरं का.

थोडी ओळख करून घेऊ. स्पिअर मूळचे इंडियाना राज्यातले, जन्म १९३७ चा, घर ज्यू. येल विद्यापीठातून इतिहासात पीएच.डी. केली. शिकागोमधली कृष्णवर्णीयांची वस्ती कशी घडली, तिला तिथे कसं कोंडून ठेवलं गेलं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मग मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि विद्यापीठाच्या आसपासच्याच मतदारसंघातून आमदार. आमदारकी सुरू असतानाही ते शिकवत होते. राजकारणात इतिहासाचे मास्तर जास्त यायला हवेत, असं माझं फार जुनं मत आहे. वकील पुष्कळ येतात, कारखानदार येतात. पण कोणत्या कायद्यानं कोणाचं घर उठलं, कोणाला नोकरी नाकारली गेली, हे ज्यानं जुनी दफ्तरं चाळून पाहिलेलं असतं, तो माणूस नवा कायदा करताना वेगळा विचार करतो. असो.

१९७४ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनमधून एलेन नोबल नावाच्या बाई मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळावर निवडून आल्या. आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगून राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक जिंकणाऱ्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या. त्यानंतर महिनाभरात, डिसेंबरमध्ये, स्पिअर यांनी मिनिआपोलिसच्या एका दैनिकाला मुलाखत दिली आणि सांगून टाकलं. तेव्हा मिनेसोटात दोन पुरुषांचा संबंध कायद्यानं गुन्हा होता. तो कायदा न्यायालयानं रद्द ठरवला २००१ साली. म्हणजे स्पिअर यांची अख्खी आमदारकी, कागदावर का होईना, त्या कायद्याच्या छायेत गेली. आपल्याकडे कलम ३७७ ची पकड सर्वोच्च न्यायालयानं सोडवली ती २०१८ च्या सप्टेंबरात, तेव्हा कागदावरचा कायदा माणसाच्या मानेवर कसा बसतो हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता ती हकिकत. ती मला सविस्तर सांगायची आहे.

साल १९९३, महिना मार्च. मिनेसोटाच्या मानवी हक्क कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक सिनेटसमोर आलं होतं. मागणी साधी होती. वर्ण, धर्म, वंश यांवरून कोणाला नोकरीवरून काढता येत नाही, भाड्याचं घर नाकारता येत नाही. तसंच कोणी समलिंगी आहे म्हणूनही काढता येऊ नये, नाकारता येऊ नये. इतकंच. आणि या इतक्याशा गोष्टीसाठी स्पिअर जवळजवळ वीस वर्षं झगडत होते. विधेयक आणायचं, पडायचं. पुन्हा आणायचं, पुन्हा पडायचं. मधल्या काळात, १९७८ साली, राजधानी सेंट पॉलमध्ये असाच एक नगरपालिकेचा नियम लोकांनी मतदान करून रद्द केला होता. माझं तर ठाम म्हणणं आहे की मूठभर माणसांचा हक्क बाकीच्यांच्या मताला टाकूच नये. ज्याला घर नाकारलं जातं त्यानं दारोदार जाऊन, मला घर मिळू द्या, अशी मतं मागायची, हे बरोबर नाही. रस्ता कुठून न्यायचा, यावर जरूर मतदान घ्या.

तर १९९३. त्या वर्षी एक गोष्ट बदलली होती. स्पिअर आता साधे सदस्य नव्हते, सिनेटचे अध्यक्ष झाले होते. सहकाऱ्यांनी त्यांना त्या आसनावर बसवलं होतं. उघडपणे समलिंगी असलेला माणूस अमेरिकेतल्या राज्याच्या सभागृहाचा अध्यक्ष होण्याची ही पहिलीच वेळ. पण त्या दिवशी ते आसनावरून बोलले नाहीत. विधेयक त्यांचं, म्हणून सदस्य या नात्यानं बोलले.

विरोधकांचा मुद्दा ठरलेला होता. वर्ण माणूस निवडत नाही, वंश निवडत नाही. हे मात्र आवडीनिवडीचं प्रकरण आहे, वयाबरोबर येतं आणि वयाबरोबर जातं, मग त्याला कायद्याचं संरक्षण कशाला? घरोघरी ऐकू येतं तेच. ‘मोठा झाला की ठीक होईल.’ ‘लग्न झालं की ठीक होईल.’ आपल्या घरांतूनही किती मुलांनी हे ऐकलंय!

स्पिअर म्हणाले, मी पंचावन्न वर्षांचा समलिंगी पुरुष आहे, आणि खात्रीनं सांगतो, हे माझं काही चार दिवसांचं वेड नाही. पुढे म्हणाले, आज निळा शर्ट आणि लाल टाय घालायचं मी ठरवलं, तसं हे मी ठरवलेलं नाही.

पंचावन्न वर्षांचा माणूस, श्रोतेहो. समोर बसलेल्यांनी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं अंदाजपत्रकं वाचली होती, समित्यांमध्ये भांडणं केली होती, गुन्हेगारीविषयक कायद्यांच्या कलमांवर रात्री काढल्या होत्या. स्पिअर यांचा तो हातखंडा विषय. ज्याच्याबरोबर इतकं काम केलं, ज्याला आपणच अध्यक्ष केलं, तो निळ्या शर्टात समोर उभा राहून हे सांगतोय. त्याला काय म्हणणार, की मोठा हो, म्हणजे ठीक होशील? शर्ट-टायचं ते वाक्य एखाद्या नवख्या सदस्यानं म्हटलं असतं तर लोक हसले असते आणि विसरले असते. ते लागलं, कारण त्याच्या मागे अठरा वर्षं होती. अठरा वर्षं हा माणूस सगळं सांगून त्यांच्यामध्ये बसत होता.

आणि मग विरोधी बाकांवरून डीन जॉन्सन उभे राहिले. रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधले नेते. विल्मर नावाच्या गावाकडचे, लुथेरन चर्चचे दीक्षित पाद्री, वर नॅशनल गार्ड या सैन्यदलातले धर्मगुरू. विधेयकाविरुद्ध ज्या धर्माचे दाखले दिले जात होते, त्याच धर्माची वस्त्रं घालून दर रविवारी प्रवचन करणारा माणूस. जॉन्सन यांनी आपण कोण, कुठले, कोणत्या चर्चचे पाद्री, हे सगळं सांगितलं आणि मग विधेयकाला पाठिंबा दिला. पक्षातल्या कितीतरी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे २००० साली त्यांनी पक्षही सोडला. मला स्पिअर यांच्याइतकाच हा माणूस मोठा वाटतो. आपल्या हक्कासाठी उभं राहायला धैर्य लागतंच. पण दुसऱ्याच्या हक्कासाठी, स्वतःच्या माणसांसमोर उभं राहणं, त्यालाही फार धैर्य लागतं.

मतदान झालं. सदतीस विरुद्ध तीस. तिथला नियम असा की हजर सदस्यांचं बहुमत चालत नाही, निवडून आलेल्या सगळ्यांच्या संख्येवर बहुमत लागतं. सदुसष्ट सदस्य, म्हणजे चौतीस मतं हवीतच. गैरहजर राहिलात तरी ते विरोधी मतासारखंच. मिळाली सदतीस. चार जणांनी त्या दिवशी पाठ फिरवली असती, तर विधेयक पुन्हा पडलं असतं. चार जण! अशी भाषणं आणि अशी मतदानं शाळेतल्या मुलांना जशीच्या तशी वाचायला द्यावीत. विधिमंडळ म्हणजे गोंधळ आणि सभात्याग, एवढंच मुलं बघत मोठी होतात.

राज्यपाल अर्न कार्लसन यांनी २ एप्रिल १९९३ ला सही केली. तेही रिपब्लिकन.

या कायद्यातली आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. त्यात ‘लैंगिक कल’ या शब्दांची व्याख्या अशी केली होती की ट्रान्सजेंडर व्यक्तींनाही संरक्षण मिळालं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात हे पहिल्यांदाच. पण १९७५ साली काही कार्यकर्त्यांनी हीच मागणी केली, तेव्हा स्पिअर स्वतः तिच्या बाजूचे नव्हते. तेवढं जड विधेयक मंजूर होणार नाही, आधी मिळेल तेवढं घेऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि विधेयक तरीही पडलंच. त्या कार्यकर्त्यांचा आग्रह रास्त होता, असं मला वाटतं. अठरा वर्षांनी कायदा झाला तो त्यांना हवा तसा.

स्पिअर २००८ च्या ऑक्टोबरात गेले. आणखी एक नाव तुम्ही जरूर लक्षात ठेवा, कॅरन क्लार्क. पेशानं परिचारिका, उघडपणे समलिंगी, १९८० साली मिनिआपोलिसमधून कनिष्ठ सभागृहावर निवडून आलेल्या. १९९३ चं विधेयक कनिष्ठ सभागृहात त्यांनीच लढवलं होतं. पुढे वीस वर्षांनी, २०१३ च्या मे महिन्यात, मिनेसोटानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली. ते विधेयक कनिष्ठ सभागृहात मांडणाऱ्या मुख्य सदस्यही कॅरन क्लार्कच होत्या.