गेटवरचा वॉचमन आणि पलंगाजवळच्या मावशी

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती 78 वर्षांची होती. पुढची साडेतीन वर्षं ती अंथरुणावर होती आणि त्यातली जवळजवळ तीन वर्षं, पेशंट सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या एकाच मावशींनी तिला सांभाळलं. सकाळी आठ ते रात्री आठ. रात्रीच्या ड्युटीला बाया बदलत राहिल्या, दिवसाच्या मावशी मात्र टिकल्या. मी लेबर कोर्टात वकिली करते. हमालांचे आणि सिक्युरिटी गार्डांचे दावे चालवण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. पण माझ्याच घरात बारा तास राबणाऱ्या बाईसाठी कोणता कायदा आहे, हा प्रश्न मला आईचे डोळे मिटेपर्यंत पडला नाही. याची मला खरोखर लाज वाटते, आणि म्हणूनच अशा मावशींसाठीच्या कायद्याचा मसुदा घेऊन आज तुमच्यासमोर आले आहे.

काम काय असतं ते आधी सांगते. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक जुनी सुती साडी चौपदरी करून आईच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत कायम अंथरलेली असे. मावशी पलंगाच्या कडेला गुडघा टेकवायच्या, साडीची पलीकडची कड दोन्ही हातांनी धरायच्या आणि एका ओढीत आईला कुशीवर वळवायच्या. आईचं वजन 62 किलो, मावशींचं जेमतेम 50. त्यांच्या कमरेला पट्टा असे, तोही स्वतःच्या पैशाने आणलेला. शिवाय नाकातल्या नळीतून गाळलेली पेज भरवायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, डायपर बदलायचे. आईची वाचा गेली होती, तरी मावशी रोज विचारायच्या, "आजी, निळा गाऊन का पिवळा?" आणि आईची नजर ज्याच्यावर जाईल तो घालायच्या.

आई गेली ती दुपारी. मावशींनी तिचं अंग पुसलं, केस विंचरून वेणी घातली. गालावर चिकटपट्टीची खूण राहिली होती, ती तेलाने हळूहळू काढली. मग जिन्यात जाऊन ब्युरोला फोन केला. "पेशंट ऑफ झाला. उद्यापासून दुसरी ड्युटी द्या." रडून त्यांचा आवाज बसला होता. आमच्या घरात सुतक सुरू झालं आणि त्याच संध्याकाळी त्यांचा रोज बंद झाला. पुढचा पेशंट मिळायला सतरा दिवस लागले.

आता सोसायटीच्या गेटवर या. तिथे बसलेल्या वॉचमनसाठी महाराष्ट्रात 1981 पासून खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा आहे, त्यांचं मंडळ आहे. पळवाटा आहेत, सूट घेणाऱ्या एजन्सी आहेत, ते मी रोज बघते. पण भांडायला पायाखाली जमीन आहे. आणि ती जमीन हमालांनी तयार केली. हमालाचा मालक कोण? सकाळी एक व्यापारी, दुपारी दुसरा, संध्याकाळी ट्रकवाला. मग फंड कोणाकडे मागायचा? अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात हमालांना संघटित केलं आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती साधी होती. हमालाची नोंदणी मंडळात, मालकाचीही मंडळात. मालकाने मजुरी आणि वर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, औषधपाणी बघायचं. मालक कितीही बदलोत, हक्क हमालाबरोबर फिरतात.

मावशींची गत नेमकी तीच आहे. ब्युरो म्हणतो, आम्ही फक्त बाई गाठून देतो, ती आमची नोकर नाही. घरचे म्हणतात, ती ब्युरोची. आम्ही ब्युरोला दिवसाचे 700 रुपये देत होतो, मावशींच्या हातात 500 पडायचे. हे 200 रुपये म्हणजे लेव्हीच की! ती आपण आजही भरतो. फरक एवढाच, की तिच्यातला एक पैसाही मावशींच्या म्हातारपणासाठी बाजूला पडत नाही.

कोणी म्हणेल, 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे ना? आहे. पण ते मंडळ मजुरी ठरवत नाही, लेव्ही घेत नाही, आणि त्यात नोंदणीचं वय 18 ते 60. कर्नाटकाने घरकामाला 2004 सालीच किमान वेतन लावलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांच्या हक्कांचा करार, क्रमांक 189, 2011 साली झाला. भारताने बाजूने मत दिलं, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. 2019 साली ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं, त्यात घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं. आपण दिल्लीकडे बघत बसायचं कारण नाही. माथाडी कायदाही दिल्लीहून आला नव्हता.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. आईच्या आजारपणात आमची एफडी मोडली, तुमच्यापैकी अनेकांची मोडली असेल. जर्मनीने 1995 साली आणि जपानने 2000 साली अशा दीर्घकाळ लागणाऱ्या सेवेच्या खर्चासाठी वेगळा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येक जण हप्ता भरतो आणि जवळपास निम्मा भार सरकारी तिजोरी उचलते. जर्मनीत 2022 पासून, कामगार संघटनांशी झालेल्या सामूहिक कराराच्या पातळीचं वेतन देणाऱ्या संस्थांनाच या विम्याचं काम मिळतं. तेव्हा लेव्हीचा सगळा बोजा आजारी माणसाच्या घरावर टाकू नका, त्यात सरकारने वाटा उचलावा, ही आमची मागणी आहे. ज्या घराला परवडत नाही, ते घर नोंदणीशिवायच बाई ठेवेल आणि कायदा कागदावर राहील.

मसुद्याच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. तिसरं कलम "मालक कोण" याचं आहे, तिथे ब्युरो आणि कुटुंब दोघांचीही जबाबदारी लिहिली आहे. सातवं कलम पेशंट गेल्यावरच्या दिवसांचं आहे. त्यात आम्ही पंधरा दिवसांचा रोज मंडळाने द्यावा असं लिहिलंय. आमच्या मावशींनी ते वाचून "ताई, सतरा लागले होते" असं सांगितलं, म्हणून एका प्रतीवर मी पेनने एकवीस केले आहेत. तुमच्या घरी मावशी येत असतील तर एक प्रत त्यांच्यासाठी न्या आणि त्या काय म्हणतात ते मला कळवा.