बाळाच्या टाचा

नमस्कार मंडळी. गरोदरपणात सिगारेट नको, दारू नको, हे तुम्हाला पाठ आहे, ते मी उगाळत नाही. मी टाचांची गोष्ट सांगणार.

तेव्हा मी नवजात बाळांच्या वॉर्डात नवी होते. एका मुलीचं बाळ, वजन जरा कमी, बाकी छान, दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी ते किंचाळायला लागलं, रडणं नाही हो, किंचाळणं, बारीक, कानात घुसणारं. हात थरथरतायत, शिंकांवर शिंका, भुकेने मूठ तोंडात कोंबतंय पण दूध काही धड ओढता येत नाही, आणि पाय चादरीवर घासून घासून दोन्ही टाचा सोलवटल्या, लालभडक. आम्ही इन्फेक्शन शोधतोय, शुगर बघतोय, सगळं नॉर्मल. मग सीनियर सिस्टर आल्या, टाचा बघितल्या, स्टूल ओढून आईजवळ बसल्या. "काय घेत होतीस गं?" बास, एवढंच. ती ढसाढसा रडली. पाठदुखीसाठी अफूच्या जातीच्या गोळ्या सुरू झाल्या त्या सुटल्याच नाहीत, आणि आम्ही ओरडू म्हणून लपवल्या.

सिस्टरनी आधी काय केलं, तर ट्यूबलाइट बंद. माझं तर मत आहे निम्मे पेशंट त्या पांढऱ्या उजेडानेच वैतागतात, पण असो. बाळाला घट्ट गुंडाळलं, आईच्या छातीवर दिलं, डॉक्टरांनी मॉर्फिनचे, म्हणजे अफूच्याच जातीच्या औषधाचे, मोजून थेंब सुरू केले.

होतं असं की गोळी आईच्या रक्तातून वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, बाळाकडे जाते, नाळ कापली की पुरवठा बंद, आणि शरीर मागत राहतं. लोक 'व्यसनी बाळ' म्हणतात, मला चीड येते, त्याने काय केलंय? कोकेनने तर वार अचानक सुटू शकते, मग आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. सिगारेटने बाळाचं रक्त आणि ऑक्सिजन कमी पडतं, दारू मेंदूवर जाते.

आता नीट ऐका, परत सांगते. सिगारेट आजच सोडा. पण अफूच्या जातीचं काही चालू असेल किंवा रोजची दारू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, एकदम बंद नाही, त्याने आईचे हाल होतात आणि दिवस भरायच्या आधी कळा येऊ शकतात. डॉक्टरला खरं सांगा. अफूच्या जातीच्या गोळ्यांऐवजी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन अशी औषधं आहेत, गरोदरपणात देतात, बाळाला नंतर थोडा त्रास होऊ शकतो पण तो सांभाळता येतो.

हां, टाचा राहिल्याच. पंधराव्या दिवशी त्या मुलीने मला हाक मारली, बाळाचे मोजे काढून दाखवले, नवी गुलाबी कातडी आली होती. आणि ते पठ्ठं गाढ झोपलेलं.