चार सह्या, 88 वर्षं

क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या प्रार्थनेला पहिल्यांदा गेलेला माणूस गांगरतोच, कारण समोर ना वेदी, ना क्रॉस, ना पाद्री. साध्या बाकांवर माणसं समोरासमोर गप्प बसलेली, जवळजवळ तासभर. कुणाला अगदी आतून वाटलंच तर तो उठून दोन शब्द बोलतो आणि खाली बसतो, शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवायचा की झालं. केनियात वगैरे पाद्री असलेले क्वेकरही खूप आहेत, पण आपण बोलतोय ते या जुन्या पद्धतीबद्दल.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चचा कर भरणं कायद्यानं सक्तीचं होतं, आणि हा पंथ सुरू करणाऱ्या जॉर्ज फॉक्सच्या मागे गेलेले हे लोक तो भरत नव्हते म्हणून तुरुंगात जात होते. देवाशी बोलायला मध्ये बिशप कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता अमेरिकेत जाऊ. एप्रिल 1688, पेनसिल्व्हेनियातलं जर्मनटाउन. जर्मनीतून आलेली, बरीचशी विणकर असलेली क्वेकर कुटुंबं एकाच्या घरी प्रार्थनेला जमायची, त्यातल्या चौघांनी एक कागद लिहिला की माणसं विकत घेणं चूक आहे, मग ती कुठल्याही रंगाची असोत. त्यात एक फार साधी गोष्ट आहे. समुद्रात अनोळखी जहाज दिसलं की आपली कशी गाळण उडते, तुर्क असतील, धरून गुलाम म्हणून विकतील, मग आपण दुसऱ्यांना तेच कसं करतो? मला तरी याच्यापुढे काही बोलायची गरज वाटत नाही.

पण कागद पुढे गेला आणि अडकला. क्वेकरांची महिन्याची सभा म्हणाली विषय फार मोठा आहे, आमच्यानं होणार नाही, तिमाही सभेकडे न्या. तिमाहीनं वार्षिक सभेकडे ढकलला, वार्षिक म्हणाली यावर निकाल देणं आम्हाला योग्य वाटत नाही. बिशप नकोत म्हणून बाहेर पडलेल्या लोकांनीसुद्धा स्वतःच्या पायऱ्या बांधल्याच होत्या, आणि वरच्या पायरीवर बसलेल्या कितीतरी जणांकडे गुलाम होते, पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या खुद्द विल्यम पेनकडेही. घोंगडं भिजत पडलं.

ते हललं ते परत खालूनच. जॉन वूलमन नावाचा न्यू जर्सीतला शिंपी क्वेकरांच्या घरोघरी जायचा, ज्यांच्याकडे गुलाम त्यांच्याशी समोर बसून, आवाज न चढवता बोलायचा, आणि त्या घरात गुलामांनी त्याची सेवा केली तर त्यांना पैसे देऊन निघायचा. यजमानाला किती अवघड जात असेल विचार करा! क्वेकरांच्यात मतदान होत नाही, सगळ्यांचं मन वळेपर्यंत थांबावं लागतं, आणि हे थांबणं गुलामांच्या आयुष्यातून वजा होत होतं हे विसरता येत नाही.

1758 मध्ये वार्षिक सभेनं गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी जायला माणसं नेमली. 1776 मध्ये नियम झाला, गुलाम ठेवायचे तर क्वेकर राहता येणार नाही. वूलमन तोवर गेला होता, त्या चौघांचा कागद पार विसरला गेला होता, तो सापडला 1844 मध्ये.