सर, तुमनं चुकनं

[दृश्य: सकाळ. शाळेच्या पत्र्यावरून वळण घेणारं छोटं विमान.]

धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उडतात. एकच विमान पुन्हा पुन्हा येतं, चाकं टेकवतं आणि लगेच उचलतं. शेतात निंदणाऱ्या बाया आता मानही वर करत नाहीत. या शाळेतली पोरं मात्र अजून खिडकीकडे धावतात. म्हणून यंदा नववीला दर शनिवारी दोन तास विमानविद्या.

[दृश्य: वर्ग. फळ्यावर एकच तारीख.]

पहिल्या दिवशी पंख नाही, इंजिन नाही. विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहिलं: 27 मार्च 1977.

टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. एका जम्बो विमानाचा कॅप्टन इतका अनुभवी, की इतर वैमानिकांना तोच शिकवायचा. परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान पळवलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, समोरचं विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना? कॅप्टनने ती उडवून लावली. इंजिनिअर गप्प बसला. दोन्ही विमानं धडकली, 583 माणसं गेली.

मग वर्गाचा पहिला नियम आला: सरांचं चुकलं, की तिथल्या तिथे बोलायचं.

पोरं हसली. आपल्याकडे सरांना चूक दाखवली तर घरी निरोप जातो!

सरांनी पुढे फळ्यावर लिहिलं, ‘गरम हवा वर जाते, म्हणून उन्हाळ्यात विमान लवकर उचलतं.’ मुलांनी वहीत उतरवून घेतलं. बराच वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून, थेट अहिराणीत:

“सर, तुमनं चुकनं.”

गरम हवा पातळ असते, मग पंखाला आधार कशाचा, असं त्या मुलीचं म्हणणं. बरोबर होतं. विमानाची गणितं समुद्रसपाटीला 15 अंश तापमान धरून मांडलेली असतात. धुळ्यात मे महिन्यात पारा 44 वर गेला, की जमिनीवरच्या विमानाला हवा चार हजार फुटांहून अधिक उंचीवरच्यासारखी विरळ लागते. इंजिनाचा जोर कमी पडतो, धाव लांबते. चूक सरांनी मुद्दाम केली होती. ते त्यांनी आठवडाभर कुणाला सांगितलं नाही, आणि आमच्या मते ते बरंच केलं.

बाकीचे नियम भराभर. सूचना मिळाली की ‘हो सर’ म्हणायचं नाही, तीच सूचना परत म्हणून दाखवायची. वैमानिक आणि कंट्रोल टॉवर असंच बोलतात. विमान उडवायचा सराव कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर एक, पोरं चार. तेव्हा जॉयस्टिक कुणाच्या हातात, ते देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं. आणि उपाशीपोटी यायचं नाही. कळण्याची भाकरी खाऊन आलात तरी चालेल, पण झोप झालेली हवी.

[दृश्य: पालकसभा.]

एका वडिलांनी सातपुड्यातल्या शिकाऊ विमानाच्या अपघाताचा विषय काढला. जुलै 2021, चोपडा तालुक्यात वर्डीजवळ. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. जवळच्या आदिवासी गावकऱ्यांनी साडीची झोळी करून तिला डोंगरातून खाली आणलं. सरांनी विषय टाळला नाही. पुढच्याच तासाला वर्गात घेतला.

आणखी एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केली. या वर्गातून लायसन्स मिळत नाही. शिकाऊ परवान्याला वय 16 लागतं, व्यावसायिक परवान्याला 18 आणि उड्डाणाचे 200 तास. त्या तासांचा खर्च कापसाच्या भावात काढायला बसलेल्या एका बापाने पेन खाली ठेवला.

[दृश्य: घंटा. दारात सर.]

“पुढचा शनिवार, सकाळी सात, वाऱ्याची दिशा.”

“पुढचा शनिवार, सकाळी सात, वाऱ्याची दिशा!”

एक आवाज ‘आठ’ म्हणाला. सर दारातून मागे फिरले.

“पुन्हा.”